काठी न बुडणारी गाडी

कमळाकरचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. गजर लावत नसे. उठायचा, तोंडावर पाणी मारायचा आणि चहाच्या आधी जीपच्या टाकीत काठी घालायचा.

काठी बांबूची, हातभर लांब. तिच्यावर कोयत्याने खाचा पाडलेल्या. टाकीचं झाकण काढायचं, काठी बुडवायची, वर काढून कुठवर ओली झाली ते बघायचं. जीपमध्ये डिझेलचा काटा होता आणि तो चालूही होता. पण कमळाकरचा त्याच्यावर विश्वास नव्हता. पंपाच्या आकड्यावरही नव्हता. डिझेल भरून झालं की पंपावरच्या पोराच्या देखत काठी घालायचा. पोरं हसायची. मुरबाडच्या स्टँडवर त्याला ‘काठीवाला’च म्हणत.

मी त्याचा शेजारी, जगन. आमचं गाव टोकावड्याच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून. हवा स्वच्छ असली की ओट्यावरून सिद्धगड दिसतो. मी विजेचे खांब रोवायच्या कामावर होतो. अंग चाललं तोवर खड्डे खणले. आता अंग चालत नाही तेव्हा दुसऱ्यांचं काम बघतो. माणूस काय बोलतो याकडे मी लक्ष देत नाही. हात किती वेळ चालतात ते बघतो. कमळाकरचे हात अंधार असल्यापासून अंधार पडेपर्यंत चालायचे, म्हणून त्याच्याविषयी लिहितो आहे.

मुरबाडला रेल्वे नाही. कल्याण गाठायचं तर एसटी, नाहीतर जीप. कमळाकरची जीप त्या लाइनीवर जन्मभर चालली. भरल्याशिवाय सुटायची नाही. मागे माणसं, टपावर भाजीच्या पाट्या. पाट्या तो स्वतः चढवायचा आणि स्वतः उतरवायचा. चाक पंक्चर झालं तर माणसं खाली उतरवून, एकटा जॅक लावून, माणसांची कुरकुर संपायच्या आत चाक बदलायचा. गॅरेजला त्याने फार कमी पैसे दिले.

त्याची एक सवय सगळ्या लाइनीला होती, पण त्याच्याइतकी कोणाच्या हातात बसली नव्हती. उतार लागला की न्यूट्रल. इंजिनावर उतरायचं म्हणजे डिझेल जाळायचं, असा त्याचा हिशेब. कधी लग्नाचं वऱ्हाड घेऊन जुन्नर-ओतूरकडे गेला की परतताना माळशेजचा बोगदा ओलांडल्याबरोबर तो गिअर काढायचा आणि घाट संपेपर्यंत परत टाकायचा नाही. नुसता ब्रेकवर. मी शेजारी बसलो की माझे पाय फळीला टेकून ताठ व्हायचे.

“घाबरतं काय?” तो म्हणायचा. “हा उतार सरकारचा. त्याला डिझेल लागत नाय.”

मग जीपचे कागद संपले. गाडी जुनी झाली, पुढे पासिंग होणार नाही म्हणून सांगितलं. कमळाकर तीन वेळा जाऊन आला. त्याला वाटलं, नवी गाडी खपवायला हे सगळे मिळाले आहेत. शेवटी कल्याणच्या भंगारवाल्याने जीप नेली. काठी तेवढी घरी राहिली.

पुढचं वर्ष वाईट गेलं. एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून बसला. महिना भरला, पगार घेतला आणि परत गेला नाही. मला म्हणाला, “बसायचे पैसे घेताना हात आखडतो रे.” दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून त्याच्या वयाच्या माणसाला कोणी घेईना. चारला उठायचा तसाच उठायचा. पण उठून करायचं काय? अंगण झाडायचा. झाडलेलं पुन्हा झाडायचा. त्याची बायको सुंदरा एक दिवस मला म्हणाली, “भावजी, यांना कुठं तरी कामाला लावा. अंगणाची माती संपत आली.”

तेव्हाच शहापूरच्या दामिनीचा निरोप आला.

दामिनी शहापूरला टूरच्या गाड्या चालवायची. नवरा बँकेत, धंदा तिचा. तिने दोन नव्या गाड्या घेतल्या होत्या, दोन्ही विजेवरच्या. कमळाकरने मला सोबत नेलं. म्हणाला, “तू लाइटवाला. तुला कळंल काय लबाडी आहे ती.”

मी खड्डे खणायचो, गाड्यांतलं मला काय कळणार? तरी गेलो.

दामिनीने चहा दिला आणि सरळ विषयाला हात घातला. “काका, तुमचा हात चांगला आहे असं स्टँडवर सगळे सांगतात. पण आधीच्या दोघांबद्दलही असंच सांगत होते. एकाने गाडी कसाऱ्याला बंद पाडली, दुसऱ्याने त्याच्याही अलीकडे, दोघांनीही घाट उतरल्यावर. चार्जिंग संपलं. दोघंही म्हणाले, गाडी खराब आहे. या गाडीला टोचन लावता येत नाही, क्रेनवर चढवूनच आणावी लागते. ते मला परवडत नाही.”

“मग आमी काय करायचं?”

“माझी आई संगमनेरला असते. तिला इकडे घेऊन यायचंय. तुम्ही माळशेजवरून जा, तो रस्ता तुमच्या पायाखालचा आहे. वाटेत ओतूरला चार्जिंग आहे, संगमनेरला आहे. गाडी स्वतःच्या चाकांवर परत आली, तर एक तारखेपासून तुम्ही कामावर. क्रेन बोलवावी लागली, तर आपला नमस्कार.”

बोलणं सरळ होतं. मला आवडलं. कमळाकरला नाही आवडलं. बाहेर आल्यावर म्हणाला, “आईला आणायला मला कशाला पाठवतं? स्वतःचा नवरा नाय? यात कायतरी आहे.”

मग तो गाडीभोवती फिरला. एक झाकण होतं. उघडलं तर आत नुसती भोकं. त्याने काठी पिशवीतून आणली होती. ती हातात धरून तो बराच वेळ त्या भोकांकडे बघत राहिला.

“कुठं घालू रे?”

“पिशवीत घाल,” मी म्हणालो.

भाताची झोडणी उरकली होती, तेव्हाची गोष्ट. सकाळी शहापूरहून निघालो. मी संगतीला. गाडी भरलेली होती, म्हणजे पडद्यावर शंभर लिहिलेलं होतं. किन्हवलीवरून सरळगावला आलो, हमरस्त्याला लागलो. गाडीला आवाज नाही. कमळाकर सारखा कान देत होता. जीप काय म्हणते ते तो आवाजावरून ओळखायचा. ही काही म्हणतच नव्हती.

“मुकी आहे,” तो म्हणाला. “मुक्या माणसाचा भरवसा नाय.”

सपाटीवर आकडा हळूहळू उतरत होता. घाट सुरू झाला आणि तो झरझर उतरायला लागला. कमळाकरने एसी बंद केला, रेडिओ बंद केला. मग मला म्हणाला, “तुझा मोबाइल पण काढ तिथून.” मी वायर काढली. त्याने काय फरक पडणार होता?  ढगातून वर आलो. पर्यटक धबधबा नसलेल्या कड्याचे फोटो काढत होते. एकाने हात करून गाडी थांबवायला बघितली, विजेची गाडी कशी चालते विचारायला. कमळाकरने मान वळवली नाही.

ओतूरला एका हॉटेलच्या अंगणात चार्जिंगचा खांब होता. दामिनीने फोनवर नकाशा घालून दिला होता. त्यात तो खांब हिरवा दिसत होता. समोर गेलो तर त्याच्या पुढ्यात उसाची रिकामी ट्रॉली उभी. हॉटेलवाल्याने आरामात हाक मारली, कोणीतरी आरामात आलं, ट्रॉली काढली. मग या खांबाचं ॲप वेगळं निघालं. त्यात आधी पैसे भरायचे. दामिनीने शहापूरहून भरले. जाडजूड नळी गाडीला लावली. खांब घुं करून सुरू झाला आणि चहा यायच्या आत बंद पडला.

“काल चालू व्हता,” हॉटेलवाला म्हणाला. “परत लावा. एकदोनदा असं करतो. तवर मिसळ घ्या.”

कमळाकर माझ्या कानाशी आला. “आतून बटण दाबतंय हा. आपण बसून खावं म्हणून.”

“मग खाऊ या.”

“नाय. चहा. एकच. वाटून.”

पुन्हा लावलं. या वेळी चाललं. कमळाकर खुर्चीवर टेकला नाही. खांबाजवळ उभा राहून तो हॉटेलवाल्याच्या हातांवर नजर ठेवून होता. हॉटेलवाला वैतागला. “ओ काका, मी काय तुमचं लाइट चोरतोय का?”

“मी कुठं बोल्लो?”

“मग बसा की.”

“उभं राहायचे पैसे लागतात काय?”

गाडीत पुरेसं भरलं, तेव्हा आम्ही निघालो. डिझेल भरायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माणूस विडी ओढतो. इथे अख्खं जेवण झालं असतं. आम्ही तर अर्धा-अर्धा चहा पिऊन उभे होतो. माझे पाय दुखायला लागले. लांबच्या प्रवासाला ही गाडी चालेल का, असं मला कोणी विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं: चालेल, पण तुमच्याजवळ बसायला वेळ पाहिजे आणि हॉटेलवाला चांगला पाहिजे.

संगमनेरला मुक्काम केला. तिथे चार्जिंगचं सगळं नीट होतं. नीट आहे म्हणून कमळाकरला आणखी संशय आला. सकाळी पडद्यावर पुन्हा शंभर. दामिनीची आई, सकुबाई, दारात तयार बसली होती. सोबत कांद्याची गोणी, बाजरीचं पोतं, लोणच्याच्या दोन बरण्या.

“मावशी, एवढं वजन?” कमळाकर म्हणाला.

“आरं, लेकीकडं चाललेय. रिकाम्या हातानं जाऊ व्हय?”

जीपच्या टपावर याच्या चौपट वजन त्याने वाहिलं होतं. पण या गाडीत तो पोतं बोटाने दाबून बघत होता, आकड्यातून किती खाईल म्हणून. सकुबाईला ऊन लागत होतं. तिने एसी लावायला सांगितला. कमळाकरने ऐकू न आल्यासारखं केलं. तिने पुन्हा सांगितलं. त्याने खिडकी उघडली. मग तिने पुढे वाकून स्वतःच खटका दाबला.

“गाडी माझ्या लेकीची हाय,” ती म्हणाली. कमळाकरने खिडकी लावून घेतली.

येताना ओतूरला थोडं भरून घ्यायचं आणि मग घाट उतरून सरळ शहापूर, असं ठरलं होतं. ओतूरला पोचलो. खांब काळा. हॉटेलात पंखे बंद. सगळ्या गावातलीच लाइट गेली होती. नकाशात खांब अजून हिरवाच होता.

“कधी येईल?” मी विचारलं.

“येईल की,” हॉटेलवाला म्हणाला. “मिसळ घ्या तवर.”

कमळाकरने माझ्याकडे बघितलं. त्याला पक्कं वाटत होतं की या माणसाने मिसळ खपवायला अख्ख्या ओतूरची लाइट घालवली आहे.

दामिनीला फोन केला. तिने आकडा विचारला, थोडा हिशेब केला. म्हणाली, “थांबू नका. पुढे उतारच आहे. घाट उतरताना बॅटरी थोडी परत भरते. आरामात उतरा, पोचाल. एसी कमी ठेवा, आईला मी सांगितलं म्हणून सांगा.”

फोन ठेवल्यावर कमळाकर हसला. त्या दिवसातलं ते त्याचं पहिलं हसू. “उतरताना भरते! मी एवढी वर्षं घाट उतरलो. डिझेल कधी परत टाकीत आलं? ही आपल्याला खुळं समजतं.”

आम्ही निघालो. घाटमाथा आला, बोगदा ओलांडला. आणि कमळाकरच्या हाताने जे जन्मभर केलं होतं तेच केलं. गिअरच्या जागी एक गोल खटका होता, तो त्याने न्यूट्रलवर फिरवला. त्याने विचार करून केलं असं मला वाटत नाही. माझेही पाय आपोआप फळीला टेकले.

गाडी सुटली. मुकी गाडी न्यूट्रलमध्ये आणखी मुकी. वारा तेवढा ऐकू येत होता. वळण आलं की तो ब्रेक दाबायचा, वळण गेलं की सोडायचा. हात सुंदर चालत होते त्याचे, हे सांगायला हवं. कांद्याची गोणीसुद्धा सरकली नाही. पण नजर आकड्यावर. चारपाच वळणं झाली. आकडा हलला नाही.

“बघ,” तो म्हणाला. “वाढतंय काय? बघ ना! सांगलं नव्हतं?”

“नाय वाढत,” मी म्हणालो.

“सगळी लबाडी.”

मागून सकुबाई म्हणाली, “काय जळतंय ओ? मला वास येतोय.”

मलाही येत होता. ब्रेकचा वास. जीपमध्ये हा वास आम्हाला अत्तरासारखा झाला होता, म्हणून आधी लक्षात आला नाही. कमळाकरने एका रुंद वळणावर गाडी बाजूला घेतली. आम्ही उतरलो. चाकांतून गरम वाफा. त्याने दामिनीला फोन लावला, रेंज मिळेपर्यंत रस्त्याच्या कडेला हात वर करून फिरला. फोन लागला तेव्हा त्याने मोठ्याने आणि हिमतीने सांगितलं, “ताई, तुमचा आकडा काय वाढत नाय. अर्धा घाट उतरलो. आता बोला.”

 मग तिने विचारलं, “काका, न्यूट्रलमध्ये तर उतरत नाही ना तुम्ही?”

कमळाकरचा चेहरा उतरला. त्याने फोन छातीवर दाबून धरला आणि मला कुजबुजत म्हणाला, “हिला कसं कळलं?”

“विचार ना तिला.”

“कॅमेरा आहे गाडीत. कुठं तरी आहे.”

तिने समजावलं. गाडी गिअरमध्ये ठेवायची, पाय नुसता सोडायचा. मग चाकंच मोटार फिरवतात आणि बॅटरी भरतात. न्यूट्रलमध्ये चाकं मोटारीला काही देत नाहीत. आधीचे दोघंही असेच उतरले असतील काय, असं तिने विचारलं. कमळाकर म्हणाला, “मला काय माहीत?” पण तो ओशाळला होता. लाइनीवरचा प्रत्येक माणूस असाच उतरतो, हे त्याला माहीत होतं.

ब्रेक थंड झाले, आम्ही निघालो. आता खटका न्यूट्रलवर नव्हता. त्याने पाय सोडला आणि गाडी मागून कोणी धरल्यासारखी आवरली. उतारावर, ब्रेकशिवाय. कमळाकरला ते अजिबात आवडलं नाही. गाडी त्याच्या हातातून कोणीतरी काढून घेत होतं. तीनचार वळणांनंतर आकडा एकाने वाढला.

मी बघितलं. त्याने बघितलं. 

आणखी एक वाढला.

“आकडा हलवणं काय कठीण आहे?” तो शेवटी म्हणाला. “शहापुरात बसून हलवत असंल.”

“गप रे दादा,” सकुबाई म्हणाली. “माझी लेक काय मंतर घालती व्हय? वाढला तर वाढला.”

पण अर्धा घाट तर गेला होता. तो परत मिळणार नव्हता. खाली वैशाखरे सोडलं, टोकावडं आलं तेव्हा आकडा इतका खाली होता की पडद्यावर कासवाचं चित्र आलं. गाडी आपोआप मंद झाली. शहापूर पुढे होतं, किन्हवलीचा चढ-उताराचा रस्ता पुढे होता. मधे कुठे खांब नव्हता. नकाशात एक होता, मुरबाडकडे, पण तो राखाडी. हिरव्याने फसवलं तिथे राखाडीवर कोण जाणार?

क्रेन बोलवायची की नाही, एवढंच उरलं होतं. कमळाकरने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं.  एक तारीख त्याच्या डोळ्यांसमोर होती. आणि झाडलेलं अंगणही.

“घरी घे,” मी म्हणालो. “विहिरीच्या मोटारीचा मोठा प्लग आहे ना तुझ्या पडवीत? गाडीत वायर दिलीय. लाव.”

गाडी त्याच्या दारात आली. सुंदरा बाहेर येऊन बघतच राहिली. सकुबाई उतरली आणि जणू ठरवूनच आली होती अशी ओट्यावर बसली. “बाई, चहा टाक. गूळ असंल तर गुळाचा.”

वायर काढली, प्लगमध्ये घातली, दुसरं टोक गाडीला लावलं. वायरीवरच्या डबीत लाल दिवा लागला. तांबडा लाल. गाडी काही घेईना. कमळाकरने काढून पुन्हा लावलं. लाल. त्याने डबीवर थाप मारली. लाल.

“हिनंच बंद केलं,” तो म्हणाला. “शहापुरातून.”

मी डबीकडे बघत होतो. तिच्यावर अर्थिंगची खूण होती, तीन आडव्या रेघा. त्या खुणेच्या खांबांखाली मी आयुष्य काढलं. अर्थिंग नसेल तर ही गाडी वीज घेत नाही, एवढं मला कळलं. मी मीटरच्या मागे गेलो. तिथून एक जाड तार भिंतीवरून खाली येऊन जमिनीत गाडलेल्या सळईला लागायला हवी होती. सळई होती. तार नव्हती.

“वहिनी, इथली तार कुठं गेली?”

सुंदराने घराच्या बाजूला बोट केलं. दोन शेवग्यांच्या मध्ये तार ताणलेली. तिच्यावर लुगडं, दोन चादरी आणि कमळाकरचे कपडे वाळत होते.

“ती तर नुसती लोंबत व्हती भिंतीवरून,” ती म्हणाली. “कशाला वाया जाऊ द्यायची? जाड आहे, तुटत नाय.”

“किती दिवस झाले?”

“पोरीच्या लग्नात मांडव घातला तेव्हापासून.”

पोरीला आता शाळेत जाणारी पोर होती. तेवढी वर्षं हे घर बिनअर्थिंगचं होतं आणि पंख्याला हात लावला की मुंग्या येतात म्हणून कमळाकर लाइटवाल्यांना शिव्या देत होता.

लुगडं आणि चादरी सकुबाईने खाली काढल्या, घड्या घातल्या. मी तार सोडली, गंज खरवडला, सळईला आवळली. जमीन कोरडी ठणठणीत होती. कोरडी जमीन वीज घेत नाही. सुंदराने मिठाची बरणी आणली, मी पाण्यात कालवून सळईच्या बुडाशी ओतलं. कमळाकरने विहिरीवरून पाणी शेंदून शेंदून आणलं. मोटार होती, पण तारेचं काम होईपर्यंत मी मेन बंद केलेला. हातांनी आणलं. घामाघूम झाला. बऱ्याच दिवसांनी मी त्याला असा बघत होतो. थांबला नाही, मी पुरे म्हणेपर्यंत.

मग मेन चालू करून वायर लावली. लाल दिवा थोडा वेळ विचारात पडला. मग हिरवा झाला.

कमळाकरने त्या हिरव्याकडेही संशयाने बघितलं. तो जाऊन मीटरसमोर उभा राहिला. मीटरची खूण भराभर लुकलुकत होती. “हां,” तो म्हणाला. “हे माझं मीटर. हे खोटं बोलत नाय.” सकाळपासून त्याने विश्वास ठेवलेली ती पहिली गोष्ट.

सकुबाई जेवली, ओट्यावर आडवी झाली, उठून पुन्हा चहा प्यायली. सुंदराला लोणच्याची एक बरणी देऊन टाकली. ऊन कलायला लागलं तेव्हा गाडी निघण्यापुरती भरली होती. दिवस बुडायच्या आत आम्ही शहापूरला पोचलो, स्वतःच्या चाकांवर.

दामिनी दारात उभी होती. आईच्या पाया पडली आणि कमळाकरकडे वळली. हातात फोन होता. “काका, गाडी तीन-चार तास तुमच्या गावात उभी होती. मला इथे दिसत होतं. मी फोन केला तर उचलला नाही.”

फोन पडवीत राहिला होता, आम्ही पाणी ओतत होतो. पण तिच्या आवाजावरून मला कळलं तिला काय वाटलं ते. गावात गाडी मिरवली, नाहीतर भाडं मारलं.

सकुबाई मधे पडायला लागली, “अगं, मीच म्हनाले, चहा पिऊ...”

“मावशी, थांबा,” कमळाकर म्हणाला. “ताई, अर्धा घाट मी न्यूट्रलमध्ये उतरलो. तुमाला फोनवर हो बोल्लो नाय, आता सांगतो. ते चार्जिंग माझ्यामुळं गेलं. म्हणून घरी लावून भरलं. गाडी खराब नाय.”

तिने फोन खाली घेतला. “आधीचे दोघं म्हणाले गाडी खराब आहे.”

“त्यांचं त्यांना माहीत.”

“एक तारखेपासून या,” ती म्हणाली. “पण पहिला महिना गाडी कुठे आहे, कशी चाललीय, सगळं मी फोनवर बघणार.”

“बघा. मी पण रोज सकाळी आकडा माझ्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय निघणार नाय. तुमी सांगितला तो चालायचा नाय.”

“ठीक आहे.”

दोघांचा एकमेकांवर विश्वास बसला असं मी म्हणणार नाही. दोघंही लक्ष ठेवून होते आणि त्यावर काम भागत होतं.

तो अजून त्या कामावर आहे. कॅमेरा त्याने बरेच दिवस शोधला, सापडला नाही, तरी बोलताना आरशाकडे बघून बोलतो. घाट आता गिअरमध्ये उतरतो. आकडा वाढला की “वाढवला बघ तिनं” म्हणतो. शिर्डी, नाशिक, भीमाशंकर, सगळीकडे जातो. कुठल्या गावातला खांब खरा आणि कुठला नुसता नकाशात, हे तो जाऊन बघून आल्याशिवाय मानत नाही. काठी गाडीच्या दाराच्या खणात असते. काय करतो तिचं, विचारलं तर म्हणतो, “राहू दे.”

पगारातून तो काय घेईल याची गावात चर्चा होती. कोणी म्हणे जुनी जीप, कोणी म्हणे मोठा टीव्ही. आधी घरखर्च, मग पोरीकडचं बारसं, असं करत करत काही महिने गेले. मग एका रविवारी तो टेंपोतून सामान घेऊन आला. तांब्याची पट्टी, जाड केबल, नवा मोठा प्लग, कोळशाची गोणी, मिठाची गोणी. पडवीच्या बाजूला त्याला पक्कं अर्थिंग करायचं होतं, कुठल्याही खांबावर अवलंबून न राहता गाडी स्वतःच्या दारात भरता यावी म्हणून. सुंदरासाठी निळी नायलॉनची दोरी आणली होती, लांब, दोन्ही शेवग्यांना वेढे घालून उरेल एवढी. ती देताना म्हणाला, “आता तारेला हात लावायचा नाय गो.”

“आणि तुमी न्यूट्रलला,” ती म्हणाली.

खड्डा माझ्या कमरेपेक्षा खोल हवा होता. कमळाकर म्हणाला, पोरं बोलवू. मी म्हणालो, पोरं वरवर खणतात. कुदळ माझीच आणली. सकाळी सुरू केलं. पूर्वी असा खड्डा न्याहारीच्या आत व्हायचा, या वेळी दुपार झाली, दोनदा बसावं लागलं. पण बाजू सरळ उतरल्या आणि तळ सपाट निघाला. पट्टी उभी केली, कोळसा आणि मीठ थरावर थर घातलं, माती धुमसून बसवली. कमळाकरने सोबत पाणी ओतलं आणि मी बरोबर करतो की नाही ते वरून बघत राहिला.

संध्याकाळी त्याने पाकीट काढलं. मी शेजारी आहे म्हणून नको म्हणेन असं त्याला वाटलं असेल. मी नको म्हणालो नाही. पूर्ण दिवसाची मजुरी घेतली, आजच्या भावाने. त्याने नोटा माझ्या हातात दिल्या आणि मी मोजेपर्यंत तिथेच उभा राहिला.